लहान शाळेची टक्केवारी कशी वाचावी?

प्रश्न : माझी नात अमेरिकेतील एका शहरातल्या लहानशा सरकारी हायस्कूलमध्ये नववीत जाणार आहे. शाळेच्या अहवालात चार वर्षांत शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वर्षभरात दहा टक्क्यांनी घसरलेले दिसते. काळजी करावी का?

उत्तर : एवढ्यावरून करू नये. आधी पटसंख्या पाहावी. तुकडी ४० जणांची असेल तर एक विद्यार्थी म्हणजे अडीच टक्के. चार मुले मागे राहिली की प्रमाण दहा टक्क्यांनी उतरते, आणि त्या चौघांपैकी एखादा पाचव्या वर्षी शिक्षण पूर्ण करतो, ते या आकड्यात दिसत नाही. म्हणून तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवून वाचावेत. २०१५ च्या संघीय कायद्यानुसार हे प्रमाण ६७ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या हायस्कूलला विशेष साहाय्यासाठी निवडले जाते. आपली शाळा त्या यादीत आहे का, हे अवश्य पाहावे.

वंश, भाषा, अपंगत्व यांनुसार दिलेल्या तक्त्यात काही रकाने रिकामे दिसतील. गट फार लहान असला की मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून निकाल झाकला जातो, त्यात लपवाछपवी नसते. मोफत जेवणाच्या आकड्याबाबत मात्र सावध राहावे, कारण काही शाळांत सर्वांनाच जेवण मोफत मिळते आणि त्यावरून गरिबीचे प्रमाण कळत नाही.

मला विचाराल तर नववीतून दहावीत किती मुले वेळेवर जातात आणि गैरहजेरी किती आहे, हे मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून विचारावे.