वाळवंटातील लष्करी तळावर दंतवैद्याचा दिवस कसा जातो?

१९४१ साली स्थापन झालेल्या आर्मी डेंटल कोअरच्या, म्हणजे लष्कराच्या दंतवैद्यकीय शाखेच्या, डॉक्टरांना जैसलमेरसारख्या भागात उष्णता आणि वाळू सांभाळूनच काम करावे लागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दातांचे माप घेण्याचे अल्जिनेट उष्णतेत लवकर घट्ट होत असल्यामुळे ते थंड पाण्यात कालवून हात झपझप चालवावा लागतो. जरा रेंगाळले, तर ट्रे तोंडात नीट बसण्याआधीच मिश्रण आळते. दातांच्या उपकरणांना दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा फिल्टर बारीक धुळीने तुंबतो, तो वरचेवर साफ करावा लागतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती तैनातीपूर्वीची तपासणी, कारण लहानशी कीड वेळीच भरली नाही, तर दूरच्या चौकीत रात्री दाढ ठणकू लागलेल्या जवानाला उपचारासाठी मागे आणावे लागते आणि त्याचा पहारा सोबत्यांवर पडतो.