क्लासच्या फीसाठी सुकन्याला हात लावू नका

प्रश्न: आम्ही तासगावजवळ राहतो. मुलगी दहावीला ९१ टक्क्यांनी पास झाली. तिला गणित आवडतं, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. सासऱ्यांना वाटतं तिनं डॉक्टर व्हावं. पुण्यातल्या एका इंटिग्रेटेड (कॉलेज आणि क्लास एकत्र) क्लासनं दोन वर्षांचे ३,२०,००० रुपये सांगितलेत. शनिवारपर्यंत एकरकमी भरले तर दहा टक्के सूट, नाहीतर दर पाच महिन्यांनी एक असे चार हप्ते. ते म्हणतात, बायोलॉजीही ठेवा म्हणजे दोन्ही दारं उघडी राहतील. होस्टेल-मेस महिना १४,०००. मिस्टर साखर कारखान्यात आहेत, हातात ४८,००० येतात. माझं शिवणकाम आठ-नऊ हजारांचं. मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात दरवर्षी ५०,००० भरून महिन्याला दहा हजार उरतात. सुकन्यात २०१५ पासूनचे पावणेनऊ लाख, एफडी साडेतीन लाख, थोडं सोनं आहे. धाकटा मुलगा सातवीत आहे. आम्ही ओबीसी. सुकन्यातले अर्धे पैसे काढून क्लासला भरावेत की सोनं गहाण ठेवावं? सांगलीतला एक क्लास जीएसटीसह १,४०,००० म्हणतो, पण मिस्टरांच्या मते तिथं पुण्यासारखं वातावरण नाही.

उत्तर: ताई, सुकन्या की सोनं हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. आधी पुण्याचा खरा आकडा मांडू. क्लासवर १८ टक्के जीएसटी लागतो. ३,२०,००० मध्ये तो धरलाय का, हे फोन करून विचारा. बहुतेक धरलेला नसतो. म्हणजे ३,७७,६०० झाले. होस्टेल-मेसचे वीस महिने धरले तर २,८०,०००. ज्युनिअर कॉलेजची फी, पुस्तकं, येणं-जाणं, फॉर्मच्या फिया मिळवल्या की हिशेब सात लाखांना टेकतो. तुमच्याकडे महिन्याला दहा हजार उरतात आणि होस्टेल महिन्याला चौदा हजार मागतंय. म्हणजे क्लासची फी आकाशातून पडली तरी पहिल्या महिन्यापासून घर चार हजारांनी मागे जाणार. एकरकमी की हप्ते यापेक्षा मला हा आकडा जास्त टोचतो.

तरी सुटीचा हिशेब सांगतो, कारण शनिवारची टांगती तलवार तुमच्यावर आहे. एकरकमी भरले तर जीएसटीसह ३,३९,८४० द्यावे लागतील. हप्त्यांनी गेलात तर ९४,४०० चे चार. वाचतात ३७,७६०. पुढचे तीन हप्ते आधीच भरण्याच्या बदल्यात मिळणारी ही बचत वर्षाला साधारण अठरा टक्के व्याजाएवढी पडते. एफडी एवढं कुठं देते? नुसतं गणित बघितलं तर एकरकमी भरणं शहाणपणाचं ठरतं, हे मी नाकारणार नाही.

पण हे गणित मुलगी चोवीस महिने तिथं टिकली तरच खरं. सोळा वर्षांची पोर पहिल्यांदा घराबाहेर राहणार, त्यात अकरावीचं फिजिक्स दहावीच्या मानानं एकदम अंगावर येतं. दिवाळीला ती घरी आली आणि परत जायचं नाही म्हणाली, तर हप्तेवाल्याचे ९४,४०० गेलेले असतात. एकरकमीवाल्याचे उरलेल्या एकोणीस महिन्यांचे २,६९,००० क्लासकडे अडकलेले असतात. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची जानेवारी २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की विद्यार्थी मधेच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी, होस्टेल आणि मेससकट, दहा दिवसांत परत द्यावी. रँकची हमी देऊ नये, दहावीच्या आधी मुलं घेऊ नयेत, हेही त्यात आहे. मात्र ही तत्त्वं राज्यांनी अमलात आणायसाठी दिलेली आहेत, तो स्वतंत्र कायदा नव्हे. एकदा दिलेले पैसे क्लासकडून परत मिळवणं किती जिकिरीचं असतं ते माझ्या टेबलावर येणाऱ्या पालकांकडून ऐकतो. म्हणून प्रवेश कुठंही घ्या, हप्त्यानंच घ्या, आणि परताव्याची अट पावतीवर लेखी मागा. लेखी देत नसतील तर ते का देत नाहीत, हे तुम्हीच ओळखा. शनिवारनंतर येणाऱ्या शनिवारीही त्यांच्याकडे काहीतरी सूट असेल.

इंटिग्रेटेड या प्रकाराबद्दल एक विचारून ठेवा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन पद्धतीनं होतात. कोट्यातल्या जागा सोडल्या तर क्लास कॉलेजची सीट स्वतःच्या हातानं देऊ शकत नाही. तेव्हा कॉलेज कोणतं, कोणत्या फेरीतून, आणि तिथं नंबर लागला नाही तर भरलेल्या फीचं काय?

आता सुकन्या. नियमानं मुलगी दहावी पास झाली किंवा अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी मागच्या ३१ मार्चच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. पण ती शिक्षण संस्थेतल्या प्रवेशाच्या आधारावर आणि प्रत्यक्ष मागितलेल्या शुल्कापुरतीच. पोस्टात कॉलेजच्या प्रवेशाची किंवा फीची पावती मागतात. क्लासच्या पावतीवर चार लाख सुटतील असं गृहीत धरून कुणाला शब्द देऊ नका. आणि सुटत असले तरी मी नको म्हणेन. हे पैसे डिग्रीचे आहेत. ८.२ टक्क्यांचं करमुक्त व्याज असंच राहिलं आणि तुम्ही वर्षाला ५०,००० भरत राहिलात, तर २०२८ मध्ये खात्यात सव्वाअकरा लाखांच्या आसपास असतील. तेव्हा साडेपाच लाख काढता येतील, तेही एकदम न काढता वर्षाला एकदा असं पाच वर्षांपर्यंत. चार वर्षांच्या होस्टेलला आणि लॅपटॉपला हा पैसा पुरतो. (हे लग्नासाठी ठेवलंय असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना खुशाल माझं नाव सांगा.)

तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते निर्णय ज्यावर फिरतो तो भाग असा, की डिग्रीला तुम्हाला नेमका किती खर्च येणार आहे? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं राज्यात ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय. सरकारी कॉलेजात तर आहेच, खाजगी विनाअनुदानित कॉलेजातही. अट एवढीच की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोटा, संस्थास्तरावरचा प्रवेश, अभिमत विद्यापीठं आणि खाजगी विद्यापीठं यांना ही माफी नाही. तुमचं उत्पन्न या रेषेच्या आत दिसतंय, फक्त हातात येणारा पगार धरू नका. कारखान्याच्या पगारपत्रकावरचा ढोबळ आकडा, बोनस आणि तुमचं शिवणकाम मिळवून बघा.

म्हणजे मुलीच्या निकालाचे तीन रस्ते होतात. आयआयटी किंवा एनआयटी मिळाली तर फी मोठी, पण पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर अभ्यासक्रमाच्या काळात तीन टक्के व्याजाची सवलतही मिळते. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद किंवा दुसरं चांगलं कॉलेज मिळालं तर शुल्क माफ, खर्च फक्त राहण्या-खाण्याचा. तिसरा रस्ता, गुण कमी पडले म्हणून मॅनेजमेंट कोट्यात किंवा खाजगी विद्यापीठात वर्षाला दोन-तीन लाख ओतणं. तुमच्या घराला पैशाचा धोका आहे तो फक्त या तिसऱ्या रस्त्यावर. तो टाळायला सीईटीत बरा पर्सेंटाइल लागतो, आणि सीईटीसाठी सात लाखांची तयारी लागत नाही.

ती परीक्षा नीट बघा. पीसीएम ग्रुपचा पेपर २०० गुणांचा. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे. निम्मे गुण गणिताला आहेत आणि तुमच्या मुलीला गणितच आवडतं. उत्तर चुकलं म्हणून गुण कापत नाहीत. अकरावीचा भार साधारण २० टक्के, बाकी बारावीचा, आणि अभ्यासक्रम आपल्या बोर्डाचाच. जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचं वेगळं आहे. ७५ प्रश्न, ३०० गुण, चुकीला एक गुण वजा. २०२५ मध्ये मेनला चौदा लाखांहून जास्त मुलं बसली. त्यातली वरची अडीच लाख आयआयटीसाठीच्या अॅडव्हान्स्ड परीक्षेला पात्र, आणि आयआयटीच्या जागा सगळ्या मिळून अठरा हजारांच्या आसपास. मुलींसाठी आयआयटीत जादा जागा आहेत, राज्याच्या प्रवेशात मुलींना ३० टक्के आरक्षण आहे, हे तुमच्या बाजूचं. जेईई सोडा असं मी म्हणत नाही. द्यावीच. फक्त ती देण्यासाठी घराची घडी विस्कटू नये.

'दोन्ही दारं उघडी' हा सल्ला मला पटत नाही. पीसीएमबी घेतलेल्या मुलीला गणितही करायचं, बायोलॉजीही पाठ करायची, आणि जेईई, नीट, सीईटीचे दोन ग्रुप असं सगळीकडे धावायचं. यात फायदा क्लासचा, दोन कोर्सेस विकता येतात. नीटला २०२५ मध्ये बावीस लाखांवर मुलं बसली. ज्या मुलीला बायोलॉजीची ओढ नाही तिनं त्या रांगेत उभं राहण्यात काय अर्थ? आजोबांना एवढं सांगा की दार कायमचं बंद होत नाही. पुढं मन बदललं तर बारावीनंतर बायोलॉजी हा जादा विषय म्हणून देऊनही नीटला बसता येतं, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२३ मध्ये ती मुभा दिली आहे. आणि मुलीला एकदा शांतपणे, आजोबा समोर नसताना, विचारा.

माझा सल्ला सांगलीचा. १,४०,००० ची फी आणि दोन वर्षांचा किरकोळ खर्च चाळीस हजार धरला तर १,८०,०००. तुमच्या महिन्याच्या शिलकीतून दोन वर्षांत २,४०,००० जमतात. म्हणजे सुकन्या, सोनं, एफडी, कशालाच हात न लावता हे भागतं, आणि साठ हजार उरतात. ते वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका आणि त्याला 'रिपीट' असं नाव द्या. २०२८ ला निकाल मनासारखा आला नाही आणि तिनं एक वर्ष पुन्हा द्यायचं ठरवलं, तर ते पैसे तेव्हा लागतील. मेन बारावीच्या वर्षासह तीन वर्षं देता येते, अॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदा. नाही लागले तर धाकट्याला आहेतच. सातवीतला पोरगाही बघतोय की ताईवर किती खर्च होतो.

वातावरणाचं म्हणाल, तर मिस्टरांचा मुद्दा अगदी फेकून देण्यासारखा नाही. काही मुलं स्पर्धेत खुलतात. पण ते पैसे भरून नव्हे, आधी तपासून बघायचं. सांगलीच्या क्लासला अकरावीच्या पहिल्या सहामाहीपर्यंत पाठवा. आयआयटी कानपूरनं शिक्षण मंत्रालयासोबत चालवलेलं 'साथी' हे पोर्टल मोफत आहे, तिथल्या जेईईच्या चाचण्या तिला घरी सोडवू द्या. दिवाळीत गुणपत्रिका घेऊन तिघं बसा. सांगलीचे शिक्षक तिला पुरेनासे झालेत आणि तीच पुढं जायचं म्हणतेय असं दिसलं, तर पुण्याचा किंवा लातूरचा विचार तेव्हा करा. एफडीतून लाख-दीड लाख काढायला मग मीही हरकत घेणार नाही. उरलेले दोन लाख मात्र घरखर्चाचा राखीव निधी म्हणून तसेच ठेवा.

आणखी एक पर्याय तुमच्या पत्रात नाही. नागपूरची महाज्योती ही राज्य सरकारची संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त (व्हीजेएनटी) आणि विशेष मागास (एसबीसी) मुलांना जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, टॅब आणि इंटरनेट डेटासह. निवड दहावीच्या गुणांवर होते आणि अर्ज निकालानंतर निघतात. ९१ टक्क्यांवर अर्ज न करणं म्हणजे हातचं सोडणं. निवड झाली तर सांगलीच्या क्लासमधून फक्त गणित-फिजिक्स ठेवता येतं का, विचारा. फी आणखी खाली येईल.

सोन्याबद्दल थोडक्यात: सध्या गरज नाही, राहू द्या. पुढं कधी दोन-चार महिन्यांची अडचण आली तर सुकन्या काढण्यापेक्षा बँकेचं सोनेतारण बरं. दोन वर्षांची फी मात्र त्यावर उभी करू नका. आणि घर एका पगारावर उभं आहे, म्हणून मिस्टरांच्या नावानं पन्नास लाखांचा साधा टर्म विमा नसेल तर तो क्लासच्या पहिल्या हप्त्याआधी घ्या.

कागदपत्रांचं काम याच महिन्यात सुरू करा. शुल्कमाफी आणि आरक्षण दोन्ही कागदांवर अडतात. जात पडताळणीचा अर्ज बारावीनंतर प्रवेशाच्या गर्दीत करणारे रडतात. अकरावीतच कॉलेजमार्फत करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, राज्याचं नॉन-क्रीमीलेअर हे एक. जेईई मेनच्या अर्जासाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा असतो, आणि तो परीक्षेच्या आर्थिक वर्षातलाच चालतो. तो २०२७ च्या एप्रिलनंतर काढायचा. त्याआधी तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, ते सेतू केंद्रात बघून घ्या.