कॅमेरा नंतर घ्या, आधी तीच फिल्म पुन्हा कापू द्या

नमस्कार भाऊसाहेब,

चोपडा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं आणि सोबत पाठवलेली मुलाची आठ मिनिटांची फिल्मही पाहिली. तुमची अडचण थोडक्यात अशी: मुलगा अकरावी सायन्सला आहे. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी त्याने चार मित्रांना घेऊन मोबाईलवर फिल्म केली, टाळ्या पडल्या. आता त्याला ऐंशी हजारांचा कॅमेरा हवा आहे आणि बारावीनंतर मुंबईच्या एका खासगी संस्थेत कोर्स करायचा आहे. फी काही लाखांत आहे, आणि संस्था नोकरीची हमी देते. यंदा केळीला बरा भाव मिळाल्यामुळे पैसे उभे राहतील, पण हे पोटापाण्याचं काम आहे की वयाचं वेड, हे तुम्हाला उमगत नाही.

कॅमेरा आत्ता घेऊ नका. फिल्म करणं मात्र त्याने थांबवू नये. वर्षभर आहे त्याच मोबाईलवर लहान लहान फिल्म कराव्यात आणि हाती घेतलेली प्रत्येक फिल्म पूर्ण करावी.

हे मी त्याची फिल्म पाहूनच म्हणते आहे. बागेतल्या संवादात नातू आणि सालदार दोघंही पडद्याच्या डावीकडेच बघतात, त्यामुळे ते एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही. दोन माणसांच्या मधून एक रेषा गेली आहे असं धरायचं आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा नियम तिथे मोडला. विहिरीवरची मोटार चालू असताना शूटिंग केल्यामुळे निम्मे संवाद ऐकू येत नाहीत. रात्रीच्या दृश्यात ट्यूबलाईट फडफडते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड आत घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधलं नाही तर ती फडफड चित्रात उतरते. नातू ओट्यावरून अंगणात येतो तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, लॉक केलेलं नाही, म्हणून सगळं चित्र उजळतं आणि पुन्हा विझतं. प्रत्येक शॉट संवादाच्या पहिल्या शब्दाला सुरू होतो आणि शेवटच्या शब्दाला बंद. मागे-पुढे दोन-तीन सेकंदही मोकळे नाहीत, त्यामुळे एडिटिंगला बसल्यावर त्याचे हात बांधलेलेच होते. उरलेल्या जागा त्याने सिनेमातल्या गाण्याने भरल्या आहेत. त्या गाण्याचे हक्क त्याच्याकडे नाहीत, ते काढायला सांगा.

यातली एकही उणीव ऐंशी हजारांच्या कॅमेऱ्याने भरून निघणार नाही.

आता दुसरी बाजू. आजी भाकरी मोडत बसली आहे, फोन वाजतो आणि ती तो उचलत नाही, नुसती बघत राहते. मुलाने तो शॉट कापला नाही, चांगला लांबपर्यंत धरून ठेवला. हे त्याला कुणी शिकवलेलं दिसत नाही. शिवाय सगळी फिल्म पुस्तकी मराठीत असताना आजी मात्र तिच्या मनाने अहिराणीत बोलून गेली, आणि तेवढ्याच वाक्याला मला ते घर खरं वाटलं. मुलाकडे नजर आहे, भाऊसाहेब. म्हणूनच मी हे उत्तर सविस्तर लिहिते आहे.

शूटिंग कुठे चुकलं ते शूटिंग करताना कळत नाही, एडिटिंगला बसल्यावर कळतं. हवा तो शॉट सापडत नाही, नटाचा हात एका जागी थांबतो आणि पुढच्या शॉटमध्ये भलतीकडे असतो, आवाज तुटतो. असं अडलेलं पोरगं पुढच्या वेळी शूटिंगला गेलं की आपोआप दोन शॉट जास्तीचे घेतं. त्यामुळे ज्याने शूट केलं त्यानेच निदान सुरुवातीला कापायला बसावं. तुमच्या मुलाचं एडिटिंग बहुतेक एका मित्राने केलं असावं, श्रेयनामावलीत तसं दिसतं. मूळ क्लिप डिलीट केल्या नसतील तर पहिलं काम हेच: तीच फिल्म त्याने स्वतः, पहिल्यापासून, चार मिनिटांत बसवावी. नवीन काही शूट करायचं नाही. आवडता शॉट काढून टाकताना जीव तुटतो, पण ते त्याला जमलं पाहिजे.

मग आजीच्या त्याच शॉटवर एक प्रयोग करून बघावा. मॉस्कोत १९१९ साली सरकारी चित्रपट शाळा सुरू झाली तेव्हा तिथे कच्च्या फिल्मचा, म्हणजे शूटिंगच्या कोऱ्या रिळांचा, दुष्काळ होता. तिथे शिकवणारा दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह आणि त्याचे विद्यार्थी फिल्म न वापरताच दृश्यं बसवायचे, जुनी रिळं कापून नव्याने जोडायचे. त्या काळातला त्याचा प्रयोग जगभर शिकवला जातो. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला, त्याला एकदा सूपची थाळी जोडली आणि एकदा शवपेटी. चेहरा तोच, पण बघणाऱ्यांना कधी त्यात भूक दिसली तर कधी दुःख. मुलाने आजीच्या चेहऱ्याला आधी रिकामी खाट जोडावी, नंतर नातवाचा फोटो, नंतर अंगणातलं भांडण. तिन्ही रूपं घरच्यांना दाखवून आजीच्या मनात काय चाललंय ते विचारावं. एडिटिंग म्हणजे काय हे त्याला त्या संध्याकाळी समजेल.

पुढची फिल्म संवादाशिवाय असू दे. तुमच्या बागेची कापणी घ्या: घड कापणारा, खांद्यावर वाहणारे, गाडीत पाला अंथरून रचणारे. तीन मिनिटांत पूर्ण काम दिसलं पाहिजे. लांबून एक, मधून एक, हाताचा जवळून एक, चेहऱ्याचा एक, असे शॉट घेतले की हालचाल चालू असतानाच एका शॉटवरून दुसऱ्यावर जाता येतं आणि जोड दिसत नाही. कापणी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे पुढे काय होणार हे आधी ओळखून मोबाईल घेऊन तिथे उभं राहायची सवय लागते. दादासाहेब फाळक्यांनीही 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, असंच छोटं काम केलं होतं. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी महिनाभर थोड्या थोड्या वेळाने टिपली आणि ती मिनिटभराची फिल्म दाखवून भांडवल देणाऱ्याची खात्री पटवली. तुमच्या बागेत तर केळीचा पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, उलगडताना रोज दिसतो. मोबाईल एका जागी घट्ट बांधून तो टिपायला काही खर्च नाही.

तिसरी फिल्म दोन माणसांच्या संवादाची, आणि ती अहिराणीत. "जेवन झायं का?" एवढ्यानेही सुरुवात होईल. इथे सगळं लक्ष आवाजावर द्यायचं. विद्यार्थ्यांच्या फिल्म जितक्या आवाजाने पडतात तितक्या चित्राने पडत नाहीत, कारण प्रेक्षक अंधारं चित्र सहन करतो, ऐकू न येणारं वाक्य सहन करत नाही. मोटार, पंखा, फ्रीज बंद करायचा. कॉलर माईक हजारभर रुपयांत मिळतो. तोही नसेल तर दुसरा मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून नटाच्या वरच्या खिशात ठेवायचा आणि शॉटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवायची. एडिटिंगमध्ये टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की दोन्ही फायली जुळतात. शूटिंग संपलं की सगळ्यांनी गप्प राहून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्यायचा. संवादांमधल्या फटी सिनेमाच्या गाण्याऐवजी त्या आवाजाने भरायच्या.

मित्रांनी कामं आलटून पालटून करावीत. एका फिल्मला दिग्दर्शन केलेल्याने पुढच्या फिल्मला माईक धरावा. आणि तयार फिल्म मित्रांना दाखवण्यापेक्षा अनोळखी माणसांना दाखवावी, आपण मागे बसावं, आणि लोक कुठे चुळबुळ करतात ते लिहून ठेवावं.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी कॉम्प्युटरवर करा. १६ जीबी रॅमचा बऱ्यापैकी कॉम्प्युटर आणि दोन हार्ड डिस्क, कारण एकाच ठिकाणी ठेवलेली क्लिप कधीही हरवू शकते. दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती त्याला कित्येक वर्षं पुरेल. मशीन कमी ताकदीचं असेल तर केडेनलाईव्ह वापरावं, तेही फुकट आहे. आणि साधन नाही म्हणून अडतं असं त्याला वाटत असेल, तर शेजारच्या मालेगावची आठवण द्या. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासीर शेख यांनी आजूबाजूच्या यंत्रमाग कामगारांना घेऊन तिथे सिनेमे केले, कॅमेरा सरकवायच्या ट्रॉलीच्या जागी सायकल वापरून.

एखाद्या रविवारी त्याला चाळीसगावला घेऊन जा. स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे. हा माणूस कित्येक वर्षं त्या घराबाहेर जवळपास पडलाच नाही. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश टाकून त्यांनी अशी छायाचित्रं काढली की बघणाऱ्याला खरा डोंगर, खरी वाट वाटावी. १९८९ साली ते गेले. प्रकाश कसा बांधायचा हे शिकायला खानदेशात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आता पोटापाण्याचं. या क्षेत्रात पैसा आहे, पण सुरुवातीला दरमहा ठरलेला पगार क्वचितच मिळतो, हे तुम्ही दोघांनी आधीच मान्य करून ठेवा. त्यातल्या त्यात एडिटरला काम लवकर मिळतं. जळगाव, भुसावळ, धुळ्याचे स्टुडिओ लग्नसराईत मिक्सिंगच्या, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगच्या, कामाने भरलेले असतात, आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर सतत येत असतात. येत्या मे महिन्यात त्याला एखाद्या ओळखीच्या स्टुडिओत मिक्सिंगला बसवा. दिवसभराच्या लग्नाच्या शूटिंगमधून दोन तास काढणं, फायलींना नीट नावं देणं, गिऱ्हाईकाने तीनदा बदल सांगितले तरी डोकं शांत ठेवणं, हे तिथेच शिकायला मिळतं. महिनाभर असं काम करूनही पुन्हा एडिटिंगला बसावंसं वाटलं, तर ते वेड नाही.

शिक्षण सोडायचा तर प्रश्नच नाही. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तिथल्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेच्या अशा अभ्यासक्रमांनाही पदवी लागते. पदवीची शाखा सहसा कोणतीही चालते. तेव्हा बारावी सायन्स पूर्ण करू दे, पदवी चोपड्याला किंवा जळगावला राहून करू दे आणि तोपर्यंत फिल्म चालू राहू देत.

मुंबईच्या त्या संस्थेला फोन करून दोन गोष्टी विचारा: एका विद्यार्थ्याच्या हातून कोर्समध्ये किती फिल्म पूर्ण होतात, आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या फिल्म तुम्हाला पाहायला मिळतील का. नोकरीची हमी ते कागदावर लिहून देतात का, हेही बघा. फिल्म दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथे एक रुपयाही भरू नका. दाखवल्या, तर त्या मला पाठवा. मुलाची चार मिनिटांची नवी फिल्मही सोबत येऊ दे, दोन्ही पाहून मी तुम्हाला पुन्हा लिहिते.