पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) बेस गिटारचा आवाज बोदा येतो. तो उजळ कसा करावा?
टोनचा नॉब पूर्ण उघडा ठेवून गिटारवर नव्या राउंडवाउंड (गाभ्यावर गोल तार गुंडाळलेल्या) तारा, शक्यतो स्टेनलेस स्टीलच्या, चढवाव्यात. पॅसिव्ह सर्किटमधील हा नॉब वरच्या वारंवारता केवळ कापतो, त्या वाढवू शकत नाही. त्यामुळे चमक मुळात तारांतूनच यावी लागते, आणि नागपूरच्या मे महिन्यातील घामाने तारा लवकर बोद्या पडत असल्याने प्रत्येक वादनानंतर त्या कोरड्या कापडाने पुसणे आवश्यक आहे. लांब केबलची धारकताही (विद्युतभार साठवण्याचा गुण) वरचे स्वर गिळते, म्हणून घरच्या सरावाला ३ मीटरची केबल पुरे. २५० किलोओमऐवजी ५०० किलोओमचे पॉट (नॉबखालचा बदलता रोधक) बसवल्यास थोडा फरक पडतो, परंतु तो उपाय शेवटचा. मात्र स्टीलच्या तारांनी निकेलच्या तुलनेत फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अधिक झिजतात.