गोठ्यातली रिकामी जागा

मी समुपदेशन करते. डिसेंबर लागला की माझ्याकडे एकच तक्रार फिरून फिरून येते. "मॅडम, नाताळ येतो नि जातो, आत काहीच हलत नाही. माझी श्रद्धा कमी झाली का?" विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि बहुतेक जणी दमलेल्या असतात.

वसईच्या एका बाईंचं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. बँकेत नोकरी, रोजचा लोकलचा प्रवास, घरी सासूबाई, दोन मुलं. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून यादी काढली. रंगकाम, पडदे, करंज्या-कुलकुलांचा फराळ, नणंदेच्या मुलांचे कपडे, ऑफिसातलं सिक्रेट सांता. सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत: 'रोज १५ मिनिटं बायबल'.

"हे जमतं?"

"एकदाही नाही. आता त्याचंही टेन्शन येतं."

मी त्यांना ती ओळ खोडायला लावली. बाई दचकल्या. पण मी जगण्यातल्या अर्थाच्या शोधावर भर देणारे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या वाटेने जाणारी. अर्थ ठरवून, वेळ लावून हाती येत नाही, असं मला इतक्या वर्षांच्या कामातही दिसलं आहे. यादीत घातलेली प्रार्थना हे आणखी एक काम होतं, आणि तेच आधी राहून जातं.

बहीण येशूचं ऐकत बसली असता कामात गुंतून राहिलेल्या, बायबलमधल्या मार्थेचं उदाहरणही कुणीतरी त्यांना ऐकवलं होतं. दमलेल्या बाईला मार्था ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू मार्थेच्याच घरी उतरतो. तो तिच्या रांधण्याला नावं ठेवत नाही, तिच्या जिवाच्या घालमेलीबद्दल बोलतो.

तिसऱ्या भेटीत मी नाताळच्या, येशूजन्माच्या देखाव्याबद्दल सहज विचारलं, "घरी गोठा कोण करतं?"

"मुलगा. गवत, कागदाचे डोंगर, दिवे, सगळं तोच."

"आणि बाळ येशू?"

"तो चोवीसच्या रात्री, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर ठेवायचा. तोवर गव्हाणी रिकामी."

"गेल्या वर्षी कुणी ठेवला?"

बाई गप्प झाल्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "माहीत नाही. मी किचनमध्ये दुसऱ्या दिवशीचा मसाला परतत होते." मग हळूच, "त्याच्या आदल्या वर्षीही."

त्यांना रडू दिलं. मग म्हटलं, "आत रिकामं वाटतं म्हणून तुम्ही घाबरलात. ती गव्हाणी इतके दिवस रिकामीच असते ना? तिला कुणी नापास करतं का?"

हे मला त्या क्षणी सुचलं, आणि तेव्हापासून मी ते अनेकींना सांगते. नाताळआधीचा आगमनकाळ असतोच मुळी वाट पाहण्याचा. चार रविवार, जांभळी वस्त्रं. रविवारच्या मिस्सात 'ग्लोरिया' हे स्तुतिगीतसुद्धा गात नाहीत, ते नाताळसाठी राखून ठेवतात. आपण मात्र १ डिसेंबरपासून केक कापत सुटतो आणि २६ला नाताळचा तारा उतरवायच्या गोष्टी करतो. खरं तर नाताळचा काळ २५ला सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. म्हणजे फराळाची ताटं, पाहुण्यांकडच्या फेऱ्या २५ नंतर खुशाल ढकला. धर्माची आडकाठी नाही, शेजारणीची असेल.

बाईंनी तेच केलं. करंज्या बचत गटाकडून आणल्या. सासूबाई दोन दिवस कुरकुरल्या, मग त्यांनीच नातवंडांना घेऊन कंगव्यावर कुलकुल वळले. मी एकच गोष्ट मागितली होती: चोवीसच्या रात्री मिस्साहून आल्यावर गॅस पेटवायचा नाही.

जानेवारीत त्या आल्या. श्रद्धेबद्दल काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. म्हणाल्या, मुलाने कापसात गुंडाळलेलं बाळ हातात दिलं, "मम्मी, तू ठेव."

"मॅडम, लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला मीच घेतलेलं ते. त्याच्या नाकावरचा रंग उडालाय. मला माहीतच नव्हतं."