गेमच्या ड्राइव्हला फॉरमॅट कोणता? वाचकांचे प्रश्न

नवीन १ टीबीची एसएसडी फक्त गेमसाठी घेतली आहे. मित्र म्हणतो एक्सफॅट कर, हलकं असतं, गेम पटकन लोड होतात. एनटीएफएस की एक्सफॅट? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, राजारामपुरी)

एनटीएफएस. फॉरमॅट म्हणजे ड्राइव्हवर फाईल्स मांडून ठेवायची पद्धत; एनटीएफएस आणि एक्सफॅट हे तिचे दोन प्रकार. विंडोजच्या पीसीत आत बसवलेल्या ड्राइव्हसाठी मी दुसरं काही सुचवणार नाही.

गेम किती वेळात लोड होतो ते ड्राइव्हच्या वेगावर ठरतं. हार्ड डिस्क सोडून एसएसडी घेतलीत तिथेच तुमचं मोठं काम झालं. फॉरमॅट बदलून एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वाढत नाहीत. एक्सफॅट हलकं आहे हे खरं, पण काही महत्त्वाच्या गोष्टी त्यात नाहीतच, म्हणून ते हलकं. मायक्रोसॉफ्टने ते २००६ मध्ये आणलं ते पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांसाठी.

त्यात नसलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जर्नल. ड्राइव्हवरच्या रचनेत काय बदल करायचा आहे याची नोंद एनटीएफएस आधी करतं आणि मग बदल करतं. मध्येच लाईट गेली तर पुढच्या वेळी ती नोंद बघून रचना पुन्हा जुळवून घेता येते. जुलैच्या पावसात आपल्याकडे लाईटीचा भरवसा नसतो आणि मोठ्या गेमचं अपडेट तासभर चालतं. अशा वेळी एक्सफॅटवर आख्खा फोल्डर गायब होऊ शकतो. जर्नल वाचवतं ते रचनेला; अर्धवट उतरलेली फाईल ते पूर्ण करून देत नाही. त्यासाठी स्टीममध्ये (गेम घेऊन उतरवण्याचं ॲप) गेमच्या फाईल्स तपासून दुरुस्त करण्याची सोय आहे, ती वापरा. आणि जमेल तेव्हा यूपीएस घ्याच.

दुसरा मुद्दा जागेचा. या आकाराच्या ड्राइव्हवर एनटीएफएस ४ केबीच्या तुकड्यांत जागा देतं, तर एक्सफॅट विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये १२८ केबीच्या. म्हणजे ३ केबीची फाईलही १२८ केबी अडवते. मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या जादा फाईल्स) टाकणाऱ्यांकडे अशा बारीक फाईल्स हजारोंनी असतात. शिवाय एक्सबॉक्स ॲपमधून गेम घालायचे असतील तर ड्राइव्ह एनटीएफएसच लागते.

एक्स्टर्नल ड्राइव्हवर ५० जीबी रिकामी आहे, तरी मित्राकडून आणलेली गेमची फाईल 'खूप मोठी आहे' म्हणून कॉपी होत नाही. (इचलकरंजी)

ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे. त्यात एक फाईल ४ जीबीपर्यंतही पोचू शकत नाही, एक बाइट कमीच राहते. रिकामी जागा कितीही असो. फॅट३२ ची ड्राइव्ह डेटा न पुसता एनटीएफएस करणारी 'कन्व्हर्ट' कमांड विंडोजमध्येच आहे. एक्सफॅटवर ती चालत नाही, तिथे पुसूनच करावं लागतं.

लिनक्स आणि विंडोज दोन्ही टाकलंय. एकाच एनटीएफएस पार्टिशनवरची (ड्राइव्हच्या एका भागावरची) स्टीम लायब्ररी दोन्हीकडून वापरली तर चालेल का? (कळंबा)

चालल्यासारखं वाटेल, आणि नेमक्या खेळायच्या वेळी अडेल. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: लिनक्सच्या गेमसाठी ईएक्सटी४ या लिनक्सच्या स्वतःच्या फॉरमॅटचं वेगळं पार्टिशन ठेवा.

लिनक्समध्ये एनटीएफएस वाचता-लिहिता येतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ पासून त्यासाठी नवा ड्रायव्हरही आतच आहे. अडचण लिनक्सवरच्या स्टीममधल्या प्रोटॉनची. विंडोजचे गेम चालवण्यासाठी तो प्रत्येक गेममागे एक खोटी सी ड्राइव्ह उभी करतो आणि तिच्यात विसर्गचिन्हासारखा कोलन असलेली नावं ठेवतो. विंडोजला फाईलच्या नावात कोलन चालत नाही. मग विंडोजने डिस्क तपासली की ती नावं त्याला बिघाड वाटतात.

विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना शटडाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, पार्टिशन अर्धवट धरलेलं राहतं. लिनक्स मग ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं किंवा उघडतच नाही. दोन्हीकडे रोज खेळता असे दोन-तीन गेम दोनदा उतरवून ठेवा. जागा जाईल, डोकेदुखी जाईल.

१ टीबी घेतली, दिसते ९३१ जीबी. दुकानदाराने फसवलं का? (गडहिंग्लज)

नाही. कंपनी १००० च्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. ड्राइव्ह पूर्ण आहे.

मुलगा म्हणतो गेमसाठी जुनी ड्राइव्ह फॉरमॅट मारायची आहे. त्याच ड्राइव्हवर घरच्या लग्नाचे फोटो आहेत. नंतर परत मिळवता येतात म्हणे? (गृहिणी, शिवाजी पेठ)

ताई, त्याला आज थांबवा. ड्राइव्ह एसएसडी असेल तर फॉरमॅट करताच विंडोज तिला कळवतं की ही सगळी जागा आता रिकामी. त्यानंतर ती आतून पुसली जाते आणि रिकव्हरीवाल्यांच्या हातीही सहसा काही लागत नाही. हार्ड डिस्क असेल तर 'क्विक फॉरमॅट'नंतर थोडी आशा असते, पण तिच्यावर शंभर जीबीचा गेम उतरला की तीही संपते.

आधी फोटो दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. त्याच ड्राइव्हचं दुसरं पार्टिशन हे वेगळं ठिकाण नव्हे. ड्राइव्ह गेली की दोन्ही जातात. कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाच-दहा फोटो उघडून बघा. मग मुलाला खुशाल फॉरमॅट करू दे. फक्त डिस्क निवडताना डी, ई अशा अक्षरावर न जाता आकार आणि नाव वाचायला सांगा. त्याचे गेमचे सेव्ह (खेळ कुठवर आला त्याच्या फाईल्स) बहुतेक वेळा सी ड्राइव्हवर असतात, पण काही गेम ते स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेवतात. तेवढे त्यानेही आधी बघून घ्यावेत.