जीडीपीचा आकडा कोण आणि कसा काढतो?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. अर्थव्यवस्था 6.5 टक्क्यांनी वाढली असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ती मोजतो कोण; गल्लीबोळातल्या प्रत्येक दुकानाचा हिशेब दिल्लीत कसा पोहोचतो; आणि घरात दिवसभर राबणाऱ्या बाईचे काम त्यात का धरत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की तो पोहोचतच नाही. देशाचे उत्पन्न, म्हणजेच जीडीपी (देशात वर्षभरात झालेल्या उत्पादनाची एकूण किंमत), हा अंदाज असतो; वहीतील रकमांची बेरीज करून तो मिळत नाही. तो बांधण्याची रीत समजली, की उरलेले दोन प्रश्नही सुटू लागतात.

कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळाचा हिशेब करू. आकडे सोयीसाठी मानलेले आहेत. खत, बियाणे व विजेवर 700 रुपये खर्चून शेतकऱ्याने टनभर ऊस पिकवला आणि तो गुऱ्हाळाला 3,000 रुपयांना दिला. काहिलीत रस आटवून, भेंडीच्या रसाने मळी काढून गुळव्याने जे रवे पाडले, ते व्यापाऱ्याने 4,500 रुपयांना घेतले, त्याने ते किराणा दुकानदाराला 5,000 ला विकले आणि दुकानदाराने गिऱ्हाइकांना 6,000 ला. सगळ्या विक्रीची बेरीज केली तर 19,200 रुपये भरतात. पण त्यात तोच ऊस चार वेळा मोजला गेला आहे. म्हणून प्रत्येकाने स्वतः घातलेली भर तेवढी धरायची: खत वगैरे पुरवणाऱ्यांचे 700 (ते सर्व देशातच तयार झाले असे मानू), शेतकऱ्याचे 2,300, गुऱ्हाळाचे 1,500, व्यापाऱ्याचे 500 आणि दुकानदाराचे 1,000. बेरीज बरोबर 6,000 येते, म्हणजे शेवटच्या गिऱ्हाइकांनी मोजलेली रक्कम. हीच रक्कम मजुरी, खंड (जमिनीचे भाडे), व्याज आणि नफा या रूपांत कोणाकोणाच्या हाती गेली, असेही मोजता येते. उत्पादन, खर्च आणि उत्पन्न या तीन पद्धती म्हणतात त्या याच. तत्त्वतः तिन्हींचे उत्तर एकच. प्रत्यक्षात आपल्याकडे उत्पादनाची बाजू अधिक भरवशाची मानतात आणि खर्चाची बाजू तिच्याशी जुळली नाही की उरलेला फरक ‘विसंगती’ या नावाच्या ओळीत उघडपणे दाखवतात. मला ही ओळ प्रामाणिकपणाची वाटते, जरी काही तिमाहींत ती अस्वस्थ करण्याइतकी मोठी असली तरी.

आता माहिती कुठून येते ते पाहू. स्वतंत्र भारतात याची पद्धतशीर घडी बसवली ती ऑगस्ट 1949 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीने. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, तर पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे दोन अर्थतज्ज्ञ सदस्य होते. आज हे काम राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करते. कंपन्यांचे ताळेबंद, सरकारी अंदाजपत्रके, बँकांचे हिशेब हा भाग त्यातल्या त्यात सोपा. शेतीसाठी मात्र प्रत्यक्ष बांधावर जावे लागते. कोणते गाव, कोणता गट क्रमांक आणि शेताच्या कोणत्या कोपऱ्यापासून किती पावले, हे यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून ठरवून, ठरावीक मापाचा चौकोन आखून त्यातले पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे, याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. ही पद्धत देशभर रुजवण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. चौकोन केवढा असावा यावर त्यांचा महालनोबिसांशी जोरदार वाद झाला होता. अगदी लहान तुकडा घेतला, की सीमेवरची पिकाची ताटे ‘आतच आहेत’ असे म्हणून कापण्याकडे माणसाचा कल होतो आणि उत्पादन फुगते, असा सुखात्म्यांचा आक्षेप होता. दोरीच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्याशा गोष्टीवर देशाच्या धान्याचा अंदाज हलतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सर्वांत कच्चा दुवा असंघटित क्षेत्राचा आहे. चहाची टपरी, शिलाईकाम, वर उल्लेखिलेले गुऱ्हाळ यांचे ताळेबंद नसतात. 2011-12 या पायाभूत वर्षाच्या (ज्या वर्षाच्या किमती तुलनेसाठी धरतात त्या वर्षाच्या) मालिकेत नमुना पाहणीवरून एका कामगारामागे किती भर पडते हे काढून, तिला कामगारांच्या संख्येने गुणून एक पातळी ठरवली गेली आणि पुढील वर्षांत ती अन्य निर्देशांकांच्या आधाराने पुढे सरकवली गेली. त्यांपैकी काही निर्देशांक संघटित क्षेत्राचेच असल्याने, 2016 च्या नोटाबंदीसारखा घाव ज्यांना अधिक बसला त्यांचीही वाढ मोठ्या कंपन्यांच्या चालीने दिसू शकते, ही टीका मला रास्त वाटते.

आपला 6.5 टक्क्यांचा आकडा 2024-25 चा आहे. मे 2025 अखेरच्या अंदाजानुसार चालू किमतींना, म्हणजे त्याच वर्षीच्या बाजारभावाने, जीडीपी 330.68 लाख कोटी रुपये होता. महागाईचा परिणाम काढून 2011-12 च्या किमतींना तोच 187.97 लाख कोटी भरला. पहिल्याची वाढ 9.8 टक्के, दुसऱ्याची 6.5. बातमीत बहुधा दुसरी असते, तर कराचा महसूल आणि कर्जाचे प्रमाण पहिल्याशी ताडून पाहतात. आणखी एक खाच अशी, की सर्वांनी उत्पादनात घातलेल्या भरीच्या बेरजेत वस्तूंवरचे कर मिळवून अनुदाने वजा केली म्हणजे जीडीपी येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर 2023 या तिमाहीचा जीडीपी सुरुवातीला 8.4 टक्क्यांनी वाढलेला जाहीर झाला, पण भर वाढली होती 6.5 टक्केच, अनुदाने घटल्याने निव्वळ कर फुगले होते. त्या आठवड्यात अनेकांनी पेढे वाटले ते कराच्या रकान्याचे.

राहिला घरकामाचा प्रश्न, आणि यात आपला राग योग्य आहे. शेतकऱ्याने गुळाचा एक रवा घरी ठेवला, तर त्याची किंमत उत्पादनात धरतात. त्याच गुळाची पुरणपोळी घरच्या बाईने केली, तर तिचे श्रम धरत नाहीत. पोळीभाजी केंद्राने केली तर धरतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे मानीव भाडेदेखील धरतात, जरी ते कोणी कोणाला देत नसले तरी. ही रेषा आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीने आखलेली आहे. तिच्या बाजूने सांगतात, की अशा सेवांना बाजारभाव नसल्याने मानीव रक्कम प्रचंड होईल आणि घरकाम करणारा प्रत्येक जण रोजगारात धरावा लागल्याने बेकारीच्या आकड्याला अर्थ उरणार नाही. पहिले कारण मला लंगडे वाटते, कारण घरभाड्याच्या बाबतीत तीच अडचण आपण ओलांडलीच आहे; दुसऱ्यात तथ्य आहे. मोजण्याचे साधन तर हाताशी आहे: 2024 च्या वेळवापर पाहणीत घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जात होता आणि ती करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटे. त्या मिनिटांना स्वयंपाकिणीचा दर लावायचा, की त्या बाईने बाहेर नोकरी केली असती तर मिळाला असता तो पगार लावायचा, यावर उत्तर बरेच बदलते. म्हणूनच हा हिशेब मुख्य आकड्यात न मिसळता त्याच्या शेजारी, वेगळ्या पूरक खात्यात मांडावा, असे माझे मत आहे.